प्रमिलाचा विश्वास ढळला होता

आदरणीय पाळकसाहेब, मंडळीतल्या बंधूंनो आणि भगिनींनो, आमच्या कॉलनीतल्या शेजाऱ्यांनो, प्रमिलाच्या बालवाडीतल्या बाईंनो, आणि पिंपळगाव बसवंतहून आलेल्या कुंदाताई.

तुम्ही सगळे आलात. कामाचा दिवस आहे, ऊन आहे, द्वारका चौकात ट्रॅफिक तुंबलेलं असणार, तरी आलात. तुमचे आभार मानायला मी उभा आहे. आभार कसे मानायचे ते मात्र मला कळत नाही.

मी वसंत साळवे. प्रमिलाचा नवरा. मी मनमाडला रेल्वेत सिग्नलचा फिटर होतो. आमच्या कामात बोलावं लागत नाही. घरात बोलायचं खातं प्रमिलाकडे होतं. पाहुणे आले की ती बोलायची आणि मी पंखा लावायचो. एवढी माझी सवय.

आणि आज तर मला काही वाटतही नाहीये. हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण खोटं कशाला बोलू? दफनाच्या वेळी कुणीतरी माझ्या हातात माती दिली, मी टाकली. कुणीतरी पाणी दिलं, मी प्यालो. लोक घरी येतात, गळ्यात पडून रडतात, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवतो. जणू त्यांच्याच घरचं कुणी गेलंय आणि मी भेटायला आलोय. काल शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भाऊ, जेवलात का?" मला आठवेना. खरंच आठवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन ताट ओलं आहे का ते बघून आलो.

तर असा माणूस तुमच्यासमोर उभा आहे. सांभाळून घ्या.

आत्ता माझ्याआधी बरेच जण बोलले. मनापासून बोलले. आणि जवळजवळ प्रत्येकानं एक वाक्य सांगितलं. प्रमिलाबाईंचा विश्वास कधी ढळला नाही. तरणाताठा मुलगा गेला, तरी ढळला नाही.

मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

ढळला होता. तिचा विश्वास ढळला होता. ढळला कसला, गेलाच होता. मी त्या घरात राहत होतो. मी पाहिलं आहे.

हे मी माझ्या मनानं सांगत नाही. तिनंच सांगायला सांगितलंय. ते कसं, ते पुढे येईल. आधी झालं ते क्रमानं सांगतो. क्रम सोडला तर माझा गोंधळ होईल.

आमचा नितीन तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. एकुलता एक. आयटीआय करून अंबडच्या एका कंपनीत लागला होता. रविवारी इथं, या डाव्या कोपऱ्यात बसून ढोलकी वाजवायचा. जोरात वाजवायचा. पाळकसाहेब एकदा त्याला म्हणाले होते, "नितीन, देवाला कमी ऐकू येत नाही रे." त्यावर तो म्हणाला, "साहेब, मागच्या लोकांना येतं ना." असा होता.

त्याला ताप यायला लागला. मग हिरड्यांतून रक्त. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, ब्लड कॅन्सर आहे. द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात त्याला घेऊन गेलो. तिथं किमो द्यायची एकच मोठी खोली होती. लहान, मोठे, बाया, पुरुष, सगळे त्या एका खोलीत. खिडक्या बंद केल्या तरी चौकातले हॉर्न आत यायचे.

नितीनच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. अश्विनी. तेरा-चौदा वर्षांची. सगळे तिला आशू म्हणायचे. आजार तोच. तिच्या उशाशी तिची आई बसलेली असायची. ती आई म्हणजे या कुंदाताई. पिंपळगावजवळ यांची द्राक्षबाग. नवरा बागेत आणि कुंदाताई पोरीपाशी. आशू आणि नितीन दिवसभर मोबाइलवर लुडो खेळायचे आणि भांडायचे.

प्रमिला रोज नितीनच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. मोठ्यानं नाही, पण ओठ हलायचे. कुंदाताई दोन-तीन दिवस नुसत्या बघत होत्या. मग एकदा म्हणाल्या, "ताई, माझ्या पोरीच्या डोक्यावर पन ठेवा ना हात. तुमचा देव मला नाय ठावा. पन ठेवा."

प्रमिलानं स्टूल दोन्ही खाटांच्या मध्ये ओढलं. एक हात नितीनच्या डोक्यावर ठेवला, एक आशूच्या. त्या दिवसापासून ती तशीच बसायची. दोन्ही हात लांब करून.

आणि तुम्ही सगळ्यांनी त्या काळात काय केलं, ते मी विसरलेलो नाही. तुम्ही उपास केलेत. पाळीपाळीनं प्रार्थनेला बसलात. रक्त द्यायला आलात. प्रमिला एका रविवारी इथं, मी आत्ता उभा आहे तिथं, उभी राहिली आणि तिनं साक्ष दिली. म्हणाली, "प्रभूनं मला शब्द दिलाय. माझा नितीन बरा होणार." सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणालो.

आशू बरी झाली. घरी गेली. नितीन गेला. नाताळ जवळ आला होता. लोकांच्या दारांत तारे लागले होते.

दफनाला प्रमिला ताठ उभी राहिली. गीत म्हणाली, शेवटपर्यंत म्हणाली, एक शब्द चुकली नाही. डोळ्यांतून पाणी नाही. सगळे म्हणाले, काय हा विश्वास! तेव्हापासून तुमचं ते वाक्य सुरू झालं. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिचा हात माझ्या हातात होता. लाकूड धरावं तसा लागत होता.

पुढे द्राक्षांचा हंगाम आला. एका सकाळी कुंदाताई दारात. डोक्यावर पदर, हातात द्राक्षांची पेटी, बरोबर आशू. पोरीच्या डोक्यावर बारीक केस उगवले होते. नितीन गेल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या आत येऊन जमिनीवरच बसल्या. रडल्या. आणि मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या हातानं माझी पोर वाचली. तुमच्या देवानं तुमचं ऐकलं."

कुंदाताई, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात. आईनं दुसरं काय म्हणावं?

पण प्रमिला उठली. तिनं पेटी उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. मग दार धरून उभी राहिली. एवढंच म्हणाली, "तुम्ही या आता."

त्या गेल्या. प्रमिलानं दार लावलं. मला म्हणाली, "ऐकलंत? त्याला माझी प्रार्थना ऐकू आली होती. अर्धी ऐकू आली."

त्या रविवारी ती चर्चला निघाली नाही. मी कपडे करून उभा. ती भाजी निवडत बसलेली. म्हणाली, "तुम्ही जा. मी नाही येणार."

त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग विचारायचंच मी सोडलं. दीड-पावणेदोन वर्षं गेली असतील तशी.

तुमच्यातल्या काहींना हे माहीत आहे. तब्येत बरी नसते, असं आम्ही सांगायचो. काही जण घरी येत होते. कुणी म्हणालं, ही परीक्षा आहे. कुणी म्हणालं, घरात काही पाप लपलंय का ते शोधा. कुणी म्हणालं, तुम्ही विश्वासात कमी पडलात. प्रमिला सगळ्यांना चहा द्यायची. गेले की कप विसळायची. घरातलं बायबल तिनं टाकून दिलं नाही. रोज त्याच्यावरची धूळ पुसायची आणि न उघडता परत ठेवायची. मी जेवणाआधी हात जोडले की ती खाली बघत थांबायची. माझं होईपर्यंत थांबायची, मग घास घ्यायची.

ती ओरडली नाही. रडली नाही. बालवाडीत जायची, पोरांची नाकं पुसायची, घरी यायची, स्वयंपाक करायची. तिच्या आत काय चाललंय, असं एकदा विचारलं. ती म्हणाली, "काही नाही हो. तेच तर. काहीच नाही."

तेव्हा मला ते कळलं नव्हतं. आता थोडं कळतं.

पाळकसाहेब, तुम्हीही एकदा आला होतात. मला वाटलं, आता उपदेश होणार. तुम्ही बसलात आणि चर्चचं छप्पर कसं गळतंय त्याबद्दल बोललात. कौलं बदलायची की पत्रे टाकायचे. प्रमिला म्हणाली, पत्रे नको, पावसात आवाज होतो. तुम्ही म्हणालात, बरं. आणि गेलात. तुम्ही गेल्यावर ती म्हणाली, "बरा माणूस आहे." त्या काळात तिनं कुणाला बरं म्हटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मग नितीन गेल्यानंतरची दुसरी थंडी आली. कुंदाताई पुन्हा दारात. या वेळी हातात काही नव्हतं आणि बरोबर आशू नव्हती. दार मी उघडलं. त्या आत आल्याच नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "भाऊ, आजार उलटलाय तिचा. परत तिथंच आनलंय. ती मावशीचं नाव काढती."

प्रमिला आतून बाहेर आली. हातात लसूण होता, सोलत होती. म्हणाली, "कुंदा, मी आता प्रार्थना करत नाही. सोडलंय मी ते."

कुंदाताई म्हणाल्या, "मंग नका करू. निस्त्या येऊन बसा."

प्रमिला तिथंच उभ्यानं सोलत राहिली. लसणाची एक कुडी सोलून झाली. मग आत गेली, हात धुतले, पर्स घेतली. रिक्षात मी तिला विचारलं, "का चाललीस?" ती म्हणाली, "माहीत नाही."

खोली तीच होती. स्टूलही बहुतेक तेच असावं. आशू फार वाळली होती. प्रमिला खाटेजवळ बसली. हात मांडीवर. मी दाराजवळ डबा घेऊन उभा. आणि आशूनं विचारलं, "मावशी, दादाची तुम्हाला आठवन येती का?"

लोकहो, नितीन गेल्यानंतर आमच्याकडे कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. तुम्ही आम्हाला त्रास नको म्हणून काढत नव्हता. आम्ही तुम्हाला अवघड नको म्हणून. त्या पोरीनं काढलं.

प्रमिला म्हणाली, "येते. रोज येते."

मग आशूनं विचारलं, "तुम्हाला माझा राग आला व्हता ना? मी बरी झाले आन दादा नाय?"

कुंदाताई म्हणाल्या, "ए, गप." प्रमिलानं त्यांना हातानं थांबवलं. आणि मला वाटलं, आता ती नाही म्हणेल. कुणीही नाही म्हणालं असतं. ती म्हणाली, "हो. आला होता. तुझा नाही, पण आला होता."

"मंग कोनाचा?"

प्रमिलानं वर बोट केलं.

आशू म्हणाली, "मला पन येतो त्याचा. लय येतो."

"मग सांगितलंस का त्याला?"

"असं सांगायचं असतंय का देवाला?"

प्रमिलानं स्टूल पुढे ओढलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघून, नेहमीच्या आवाजात, दूधवाल्याशी बोलावं तशी बोलली. मी ऐकलंय. शब्द न शब्द सांगतो. "प्रभू, मी प्रमिला. मी तुझ्यावर रागावले आहे. ही आशूपण रागावली आहे. एवढंच सांगायचं होतं. आमेन."

आशू हसली. म्हणाली, "बास? झालं?"

"झालं. आज एवढंच."

प्रार्थनेत किती सुंदर शब्द असतात आपल्या. मी चाळीस-पन्नास वर्षं ऐकतोय. पण मी ऐकलेली सगळ्यात खरी प्रार्थना ती होती. त्या खोलीत, हॉर्नच्या आवाजात.

मग ती रोज जायला लागली. आणि आशू तिला रोज सांगायची, आज काय सांगायचं ते. आज दोनदा उलटी झाली, सांगा. आज सुई बसत नव्हती, तीनदा टोचलं, सांगा. आज डाळीला मीठ नव्हतं, तेपन सांगा. प्रमिला तसंच्या तसं सांगायची. आमेन म्हणायची. एकदा आशू म्हणाली, "आई झोपत नाय. तिला झोप लागू दे, सांगा." ते पहिलं मागणं. त्याआधी दोघींनी काही मागितलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

बरं कर, असं प्रमिलानं एकदाही म्हटलं नाही. तिनं मला सांगितलं, "ते माझ्या तोंडून निघत नाही. पण मी तिथं बसले की मला वाटतं, मी एकटी बसलेली नाही. कुणीतरी दुसऱ्या बाजूला बसलंय." मी विचारलं, "कोण?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं चर्चला जाताय. तुम्ही सांगा."

आशूच्या घरच्यांना हे सगळंच पसंत होतं असं नाही. तिचे एक काका एकदा दारातच मोठ्यानं बोलले. ही बाई रोज कशाला येते, हिला काय पाहिजे, पोरीला बाटवायला बसलीय का. खोलीतले सगळे बघायला लागले. प्रमिला उठून निघालीच होती. कुंदाताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी दर चैत्रात देवीच्या गडावर चालत जाते, ह्या वर्षीबी जानार हाय. ह्या बाईनं माझा देव मागितला नाय मला. तुमी किती येळा बसलात हो पोरीजवळ?"

पुढे काका स्वतःही येऊन बसायला लागले. ते आज आले आहेत इथं. बसलेत बघा, पांढरा सदरा.

आशू गेली. उन्हाळा लागायच्या आधीच गेली.

मला वाटलं, संपलं. आता ही बाई पुन्हा उठायची नाही. एकदा मोडली होती, आता पुरती मोडणार. आम्ही दोघं पिंपळगावला त्यांच्या घरी गेलो. घर बायांनी भरलं होतं. कुंदाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना रडू येत नव्हतं. बाया म्हणत होत्या, रडवा तिला, रडवा, नाहीतर वेड लागेल. प्रमिला जाऊन त्यांच्या शेजारी बसली. आणि प्रमिला रडायला लागली.

नितीन गेल्यावर जे आलं नव्हतं, ते तिथं आलं. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या भिंतीला टेकून. मोठ्यानं. माझा नितीन, माझा नितीन म्हणून. आशूच्या घरात बसून नितीनच्या नावानं. आणि तिला बघून कुंदाताईंना फुटलं. दोघी एकमेकींना धरून बसल्या. मी बाहेर अंगणात उभा होतो. तेव्हा मी रडलो. मला रडता यायचं तेव्हा.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. हायवेवर द्राक्षांचे टेम्पो चालले होते. ती म्हणाली, "अहो, मला वाटत होतं, तो मला टाकून गेला. नितीनच्या वेळी तो आलाच नाही. पण तो आला होता. मी त्याला बरं करायला बोलावलं होतं ना, म्हणून तो मला दिसला नाही. तो बसायला आला होता."

मी म्हणालो, "मग बरं का केलं नाही त्यानं?"

ती म्हणाली, "ते मला नाही माहीत. भेटेल तेव्हा विचारणार आहे. सोडणार नाही त्याला."

पण हे म्हणताना, माझ्या ध्यानात आलं, ती त्याच्याबद्दल घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होती.

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारी सकाळी मी कपडे करत होतो. मागे वळून बघतो तर ही साडी नेसून उभी. आम्ही आलो. ती सगळ्यात शेवटी बसली. गाणी झाली, तिनं म्हटली नाहीत. काही जणी वळून बघत होत्या. प्रभुभोजनाची वेळ आली. मला वाटलं, ती बसून राहील. ती उठली, रांगेत आली, पाळकसाहेबांसमोर उभी राहिली. पाळकसाहेब, तुम्ही तिला एक शब्द विचारला नाहीत. नेहमी द्यायचात तशी भाकर दिलीत. घरी गेल्यावर ती म्हणाली, "भूक लागली होती हो." मी म्हटलं, भात टाक मग. ती हसली. "ती नव्हे," म्हणाली.

लोकांना वाटतं, विश्वास परत येतो म्हणजे आधी होता तसा येतो. तसा नाही आला. आधी ती सांगायची, देव हे करणार, देव ते करणार. नंतर तसं कधी सांगितलं नाही. आधी तिच्या प्रार्थना लांब होत्या. नंतर चार वाक्यांत संपायच्या. पण आधी ती आजाऱ्याला भेटायला जायची ती अर्ध्या तासात परत यायची. नंतर दिवस दिवस बसायला लागली. त्याच हॉस्पिटलात, आणि दुसरीकडेही. थर्मासमध्ये चहा घ्यायची आणि निघायची. कुंदाताई पिंपळगावहून येऊन तिला सामील व्हायच्या. एक गडावर चालत जाणारी, एक येशूची. कुणाच्याही खाटेपाशी बसायच्या. कुणी प्रार्थना कर म्हटलं तर प्रमिला करायची. नाही म्हटलं तर नाही. तुमच्यातल्या किती घरांत ती अशी येऊन बसली असेल, ते तुम्हालाच माहीत. मी ते मोजलेलं नाही.

आता शेवटचं सांगतो.

तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरीच होती. एका दुपारी मी तिला मोसंबीचा रस देत होतो. मला राहवलं नाही. विचारलं, "भीती वाटते का गं?"

"नाही."

"मग शांत वाटतंय?"

"तसंही नाही. काहीच वाटत नाहीये. पुन्हा ते आलंय. ते काहीच नाही."

मी घाबरलो. मला वाटलं, इतकं सगळं होऊन, शेवटी पुन्हा तेच? तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. म्हणाली, "घाबरू नका. मला आता माहीत आहे, मला वाटलं काय आणि नाही वाटलं काय, त्याच्या बसण्यात फरक पडत नाही." मग थोडा दम घेऊन म्हणाली, "आज तुम्ही म्हणा. मी ऐकते."

मी आयुष्यात कधी मोठ्यानं प्रार्थना केलेली नव्हती. महिला मंडळाच्या बायका मला हसायच्या. मी म्हटली. काय म्हटलं ते सांगत नाही. वाईट म्हटली. ती डोळे मिटून ऐकत होती. आमेन ती म्हणाली.

आणि मग तिनं हे सांगितलं. म्हणाली, "मी गेल्यावर सभा होईल. सगळे म्हणतील, बाईचा विश्वास कधी ढळला नाही. तुम्ही उठा आणि खरं सांगा. त्या गर्दीत कुणीतरी असेल, ज्याचा विश्वास गेलेला असेल आणि तो गप्प बसून ऐकत असेल. तो म्हणेल, या बाईचा कधी गेला नाही, माझाच गेला, म्हणजे मीच वाया गेलो. त्याला तसं घरी पाठवू नका."

म्हणून मी उभा राहिलो. नाहीतर मला बोलता येत नाही.

तर तू जो कोणी आहेस. किंवा जी कोणी आहेस. प्रमिलाचा विश्वास गेला होता. पुष्कळ दिवस गेला होता. आणि ती गेली त्या दिवशी तो तिच्यापाशी होता. मी पाहिलंय. मधे काय झालं तेही मी आत्ता सांगितलं. माझ्याकडे याहून जास्त काही नाही.

आता सभा संपवू या. आपल्यात रीत आहे, शेवटी पाळकसाहेब मोठी प्रार्थना करतात. मी त्यांना आज न करायची विनंती केली आहे. ते हो म्हणाले. आपण फक्त उभे राहू या आणि थोडा वेळ शांत राहू या. जे आपल्या पद्धतीनं हात जोडतात त्यांनी तसे जोडा. ज्यांना नुसतं उभं राहायचं आहे त्यांनी नुसतं उभं राहा.

प्रमिलासाठी काही मागू नका. ती पोचली, असं आम्ही मानतो. तिला तिथं बरंच काही विचारायचंही होतं.

माझ्यासाठी मागा. मला सध्या जमत नाहीये.

उभे राहू या.